लक्षणांपासून निदानापर्यंत : वैद्यकीय तर्कप्रक्रियेचे स्वरूप
(खान्देशाच्या विशेष संदर्भात)

सारांश :
रुग्णाने सांगितलेल्या तक्रारींवरून रोगाचे निदान करणे ही एक तर्कप्रक्रिया आहे. तीत अनुमान, संभाव्यता, अनुभव आणि प्रादेशिक ज्ञान या घटकांचा एकत्रित वापर होतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे टप्पे, तिची तार्किक बैठक आणि तीत संभवणारे दोष यांचा परिचय जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आढळणाऱ्या तीन आजारांच्या आधारे करून दिला आहे. मण्यार सापाचा दंश, कीटकनाशकाची विषबाधा आणि सिकलसेल ही ती तीन उदाहरणे होत.

बीजसंज्ञा : निदान, लक्षण, अनुमान, संभाव्यता, सिकलसेल, खान्देश

१. प्रस्तावना

रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा तो रोगाचे नाव घेऊन येत नाही. 'अंगात कणकण आहे', 'पोटात कळ येते', 'हातपाय गळून गेले' अशा शब्दांत तो आपली पीडा सांगतो. कधी तो स्वतःच निदान करून येतो : 'गॅस झाला आहे', 'वात आहे', 'कावीळ उतरवून घेतली, पण गुण नाही'. या बोलीतून वैद्यकशास्त्राच्या परिभाषेपर्यंत पोहोचण्याचे काम डॉक्टरांना अनेकदा काही मिनिटांत करावे लागते. खान्देशात हे काम अधिक गुंतागुंतीचे होते; कारण तापीकाठच्या गावातील रुग्ण अहिराणीत बोलतो, सातपुड्यातील रुग्ण पावरी किंवा भिलीत बोलतो आणि केसपेपरवरील नोंद बहुधा इंग्रजीत होते. प्रत्येक भाषांतरात काही ना काही गळते.

'निदान' या शब्दाचा इतिहासही या संदर्भात उद्बोधक आहे. आयुर्वेदात 'निदान' म्हणजे मुख्यतः रोगाचे कारण. रोग ओळखण्यासाठी निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच साधने सांगितली आहेत. त्यांना 'निदानपंचक' म्हणतात. आजच्या मराठीत 'निदान' म्हणजे रोगनिश्चिती असा अर्थ रूढ आहे. तथापि कारण, पूर्वसूचना, प्रत्यक्ष लक्षण, उपचाराला मिळणारा प्रतिसाद आणि रोगाच्या वाढीचा क्रम या पाचही गोष्टी आधुनिक वैद्यकातील निदानातही विचारात घ्याव्या लागतात. शास्त्रे भिन्न असली, तरी प्रश्नांची ठेवण पुष्कळशी समान आहे.

२. लक्षण आणि रोग यांतील तार्किक संबंध

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायदर्शनातील अनुमानाचे सुपरिचित उदाहरण आहे. हे अनुमान 'व्याप्ती'वर उभे असते : जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी. लक्षणावरून रोग ठरविताना अशी निरपवाद व्याप्ती क्वचितच हाती लागते. ताप हिवतापात येतो, तसाच तो डेंग्यूत, विषमज्वरात, क्षयरोगात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गातही येतो. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर हिवताप सिद्ध करण्यासाठी 'ताप' हा हेतू अनैकांतिक ठरतो. साध्य असताना तो असतो आणि साध्य नसतानाही असतो. असा हेतू म्हणजे हेत्वाभास होय.

मग डॉक्टरांचा तर्क कोणत्या प्रकारचा असतो? तो शुद्ध निगमनाचा नसतो, कारण सामान्य नियमावरून विशिष्ट निष्कर्ष अटळपणे निघत नाही. केवळ विगमनाचाही नसतो, कारण समोर एकच रुग्ण असतो. अमेरिकन तर्कवेत्ते चार्ल्स सँडर्स पर्स यांनी तर्काचा तिसरा प्रकार सांगितला. समोरच्या घटनेचा उलगडा ज्या गृहीतकामुळे होतो, ते तात्पुरते स्वीकारावे व पुढे तपासून पाहावे, असे त्याचे स्वरूप आहे. निदान हे प्रामुख्याने या प्रकारात मोडते. म्हणून प्रत्येक निदान पुनर्विचारास खुले असावे लागते.

३. तर्कप्रक्रियेचे टप्पे

अगोदर सर्व माहिती गोळा करावी व शेवटी विचार करावा, असा क्रम पाठ्यपुस्तकांतून सूचित होतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, अनुभवी डॉक्टर संभाषणाच्या आरंभीच मोजकी गृहीतके मनात धरतात आणि पुढील प्रश्न ती गृहीतके तपासण्यासाठीच विचारतात. 'छातीत दुखते' असे ऐकताच हृदयविकार, आम्लपित्त, स्नायूंचे दुखणे, फुप्फुसाचा विकार अशी यादी तयार होते. 'दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाते का? चालताना वाढते का? घाम येतो का?' हे प्रश्न त्या यादीतील नावे मागेपुढे करण्यासाठी असतात. या यादीला 'विभेदक निदान' असे म्हणतात. 'गॅस' म्हणून सांगितलेल्या तक्रारीमागे हृदयविकाराचा झटका असू शकतो. त्यामुळे या यादीत सर्वांत संभाव्य रोगाबरोबरच दुर्लक्ष झाल्यास सर्वांत घातक ठरणाऱ्या रोगालाही स्थान द्यावे लागते.

माहितीची तीन साधने असतात : रुग्णाचा वृत्तांत, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या. आयुर्वेदातील दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेत यांपैकी पहिल्या दोन साधनांचा अंतर्भाव होतो. या साधनांचे सापेक्ष मूल्य काय, हे जॉन हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १९७५ साली तपासले. बाह्यरुग्ण विभागातील ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचे अंतिम निदान पत्र व वृत्तांत यांवरूनच बरोबर ठरले होते. शारीरिक तपासणीने सात जणांचे, तर प्रयोगशाळेतील चाचण्यांनी उरलेल्या सात जणांचे निदान बदलले. तेव्हापासून चाचण्यांचे तंत्र पुष्कळ पुढे गेले आहे. तरीही कोणती चाचणी करावी हे वृत्तांतच ठरवितो, हा मुद्दा अबाधित आहे.

निरीक्षणाच्या सामर्थ्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांचे बिछान्यापाशी बसून बारकाईने निरीक्षण केले. उलट्या, भरपूर घाम आणि थंड पडलेले हातपाय ही हृदय व फुप्फुसांवरील गंभीर परिणामाची पूर्वसूचना असल्याचे त्यांनी नोंदविले, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८० च्या दशकात 'द लॅन्सेट' या नियतकालिकातून हे निष्कर्ष मांडले. ग्रामीण दवाखान्यातील तुटपुंज्या साधनांत केलेल्या या कामाने विंचुदंशाच्या रुग्णांचे मृत्यू कमी होण्यास मोठा हातभार लावला.

४. आरंभीची शक्यता व प्रदेशाचे ज्ञान

एकच लक्षण दोन ठिकाणी दोन वेगळे अर्थ धारण करू शकते. यामागील गणित टॉमस बेझ यांच्या, १७६३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. रॉबर्ट लेडली व ली लस्टेड यांनी १९५९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते वैद्यकीय निदानाला पद्धतशीरपणे लागू केले. एका काल्पनिक उदाहरणाने ते स्पष्ट होईल.

समजा, एखादी चाचणी १०० रोग्यांपैकी ९० जणांना रोगी ठरविते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी १० जणांनाही चुकून रोगी ठरविते. 'अ' या भागात तापाच्या १००० रुग्णांपैकी २०० जणांना तो विशिष्ट रोग आहे. तेथे चाचणी २०० पैकी १८० रोग्यांत होकारार्थी येईल आणि उरलेल्या ८०० पैकी ८० जणांतही होकारार्थी येईल. म्हणजे २६० होकारार्थी निष्कर्षांपैकी १८०, सुमारे ६९ टक्के, खरे असतील. 'ब' या भागात १००० पैकी केवळ १० जणांना तो रोग आहे. तेथे ९ खरे आणि ९९ खोटे होकार मिळतील. १०८ पैकी ९ म्हणजे जेमतेम ८ टक्के होकार खरे. चाचणी तीच, कागदावरील निष्कर्षही तोच. परंतु त्याचा अर्थ मुळातून बदलला.

यावरून हे स्पष्ट होते की, चाचणीच्या आधी रोगाची शक्यता किती होती हे माहीत असल्याशिवाय चाचणीचे मोल ठरविता येत नाही. ही आरंभीची शक्यता प्रदेश, ऋतू, व्यवसाय, वय आणि कुटुंबाचा इतिहास यांवरून ठरते. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात आलेला ताप आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील उन्हात शेतात कोसळलेल्या मजुराचा ताप यांच्याकडे एकाच दृष्टीने पाहता येत नाही. दुसऱ्या रुग्णात उष्माघाताचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. मात्र शुद्ध हरपलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला केवळ मे महिना आहे म्हणून उष्माघात ठरविले, तर मेंदूचा हिवताप किंवा मेंदूज्वर नजरेतून सुटू शकतो. प्रदेशाचे ज्ञान तर्काला आरंभबिंदू देते. निष्कर्ष देत नाही.

५. खान्देशाच्या संदर्भातील तीन उदाहरणे

(अ) पहाटेची पोटदुखी : पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला एक निरोगी तरुण पहाटे पोटदुखी व उलटीने जागा होतो. घरच्यांना अपचनाची किंवा विषबाधेची शंका येते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होतात, गिळणे अवघड जाते, आवाज बदलतो. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. हे चित्र मण्यार सापाच्या दंशात आढळते. मण्यार प्रामुख्याने रात्री फिरते. तिचे दात बारीक असल्याने दंश बहुधा वेदनारहित असतो व खूणही दिसेलच असे नाही. तिचे विष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर आघात करते आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

येथे तर्काची दिशा उपस्थित लक्षणांच्या जुळणीवरून ठरते. पोटदुखीची कारणे शेकडो आहेत. पापण्या जड होण्याची कारणेही बरीच आहेत. पण पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि उतरत जाणाऱ्या पापण्या या चारही गोष्टी एकत्र आणणारी कारणे फारच थोडी उरतात. 'साप दिसला नाही, म्हणून सर्पदंश नाही' हा युक्तिवाद अभावावर आधारलेला व सदोष आहे. या चुकीची किंमत मोठी असते. पूर्ण लुळा पडलेला, डोळ्यांच्या बाहुल्याही स्थिर झालेला रुग्ण मृतवत भासू शकतो. प्रत्यक्षात त्याची शुद्ध शाबूत असू शकते. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाल्यास असा रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी जाऊ शकतो.

(आ) फवारणीनंतरचा घाम : कापसाच्या शेतात फवारणी करून आलेल्या मजुराला मळमळ, डोकेदुखी, उलट्या व भरपूर घाम सुटतो. उन्हाचा त्रास म्हणून हे सहज सोडून दिले जाते. येथे डोळ्यांच्या बाहुल्या निर्णायक पुरावा देतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसतात, तोंडाला लाळ सुटते, छातीत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि नाडी मंदावू शकते. उन्हाच्या त्रासात नाडी बहुधा जलद असते व बाहुल्या अशा आकसत नाहीत. धोतऱ्याच्या विषबाधेत तर चित्र नेमके उलटे असते : बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड व त्वचा कोरडी.

उपचाराला मिळणारा प्रतिसाद हाही येथे पुरावा ठरतो. अॅट्रोपीनची सामान्य व्यक्तीत नाडी वाढविणारी व तोंड कोरडे पाडणारी मात्रा देऊनही तसा परिणाम दिसला नाही, तर विषबाधेची शंका बळावते. निदानपंचकातील 'उपशय' या संकल्पनेशी याचे साम्य लक्षणीय आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे मृत्यू झाले. कापूस पिकविणाऱ्या खान्देशातही 'व्यवसाय काय आणि काल कोणते काम केले' हा प्रश्न उपचाराच्या आधी विचारला जाणे का आवश्यक आहे, हे त्या घटनेवरून कळते.

(इ) वारंवार येणारी हाडांची कळ : अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा अशा सातपुडा परिसरातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. काही आदिवासी गटांत वाहकांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक नोंदले गेले आहे. शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा विकार असल्याचे दाखविले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येणे, एवढाच तो बदल आहे. भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली.

एका सूक्ष्म बदलातून निर्माण होणारी लक्षणे मात्र विखुरलेली असतात. बालपणी हातापायांची बोटे सुजतात. पुढे हाडे, पाठ, छाती किंवा पोट यांत तीव्र कळा येतात. डोळे पिवळे दिसतात. रक्त कमी होते. संसर्ग वारंवार होतो. सांधे दुखतात तेव्हा 'वात', डोळे पिवळे होतात तेव्हा 'कावीळ', ताप येतो तेव्हा 'हिवताप' आणि फिकटपणा दिसतो तेव्हा 'अशक्तपणा' असे चार वेगळे शिक्के एकाच मुलावर बसू शकतात. ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाचा डॉक्टर दर हंगामात बदलतो; त्यामुळे प्रत्येकापुढे चित्राचा एकच तुकडा येतो. हे तुकडे जोडण्यासाठी वृत्तांतातील एक प्रश्न पुरेसा ठरू शकतो : 'असे याआधी किती वेळा झाले आणि भावंडांपैकी कोणाला असेच होते का?' त्यानंतर विद्राव्यता चाचणी व हिमोग्लोबिनचे पृथक्करण यांनी निश्चिती होते.

या उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सिकलसेलचे निदान एकदा झाले की, पुढची प्रत्येक पोटदुखी त्याच खात्यावर टाकली जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णालाही आंत्रपुच्छदाह किंवा पित्ताशयातील खडे होऊ शकतात. तसेच हा विकार केवळ आदिवासींचा मानणेही चूक आहे. विदर्भात तो अनुसूचित जाती व इतर मागासवर्गांतही आढळतो. समाजाच्या नावावरून शक्यता वाढविता येते, पण रोग ठरविता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

६. तर्कातील दोष

मानवी निर्णयप्रक्रियेतील पूर्वग्रहांचे विश्लेषण अमोस ट्वर्स्की व डॅनियल कानमन यांनी १९७४ मध्ये केले. निदानाच्या क्षेत्रात त्यांपैकी काही विशेष महत्त्वाचे आहेत. पहिल्या माहितीलाच चिकटून राहणे हा एक दोष. चिठ्ठीवर 'विषबाधा' असे लिहून आलेल्या रुग्णाकडे पुढील प्रत्येक जण विषबाधेच्याच चष्म्यातून पाहतो. नुकतेच पाहिलेले किंवा मनात ठसलेले उदाहरण अधिक संभाव्य वाटणे हा दुसरा दोष. डेंग्यूची साथ चालू असताना प्रत्येक ताप डेंग्यूचाच वाटू लागतो. एक उत्तर सापडताच विचार थांबविणे हा तिसरा दोष, आणि तो सर्वांत घातक मानला जातो.

अनुभवी डॉक्टर पुष्कळदा ओळखीच्या चेहऱ्याप्रमाणे रोग ओळखतात. ही जलद ओळख निरुपयोगी नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तिच्याशिवाय काम चालणे अशक्य आहे. तिला पूरक म्हणून सावकाश, जाणीवपूर्वक तपासणीची जोड लागते. 'याखेरीज आणखी काय असू शकेल?' आणि 'कोणती गोष्ट या निदानात बसत नाही?' हे दोन प्रश्न ती जोड देतात.

७. निश्चितीची मर्यादा

शंभर टक्के निश्चिती होईपर्यंत उपचार थांबविता येत नाहीत. स्टीफन पॉकर व जेरोम कॅसिरर यांनी १९८० मध्ये 'उंबरठ्या'ची कल्पना मांडली. शक्यता एका मर्यादेखाली असेल तर चाचणीही नको. एका मर्यादेवर असेल तर चाचणीची वाट न पाहता उपचार करावा. या दोहोंच्या मध्ये असेल तर चाचणी करावी. हे उंबरठे रोगाची तीव्रता आणि उपचाराचा धोका यांवरून ठरतात. मण्यारदंशाच्या रुग्णाच्या पापण्या उतरत असताना प्रतिविषासाठी आणखी पुराव्याची वाट पाहणे धोक्याचे. उलट साध्या सर्दीत छातीचे छायाचित्र अनावश्यक. क्षयरोग कार्यक्रमातील 'दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी' हा नियम म्हणजे असाच एक उंबरठा आहे. एका डॉक्टरच्या मनातील तर्क तेथे संपूर्ण व्यवस्थेचा नियम झालेला आहे.

काळ हेदेखील निदानाचे साधन आहे. 'दोन दिवसांनी पुन्हा दाखवा' हे वाक्य टाळाटाळ म्हणून ऐकले जाते. वस्तुतः ते गृहीतकाची परीक्षा असते. रोग आपल्या क्रमाने उलगडतो आणि आरंभी एकसारखी दिसणारी दुखणी पुढे वेगळी होतात. मात्र धडगावच्या पाड्यावरून आलेल्या रुग्णाला दोन दिवसांनी परत येणे परवडेल का, हा प्रश्नही त्या निर्णयात अंतर्भूत असला पाहिजे. अंतर आणि मजुरी बुडणे या बाबी वैद्यकीय पुस्तकांत येत नसल्या, तरी निदानावर त्यांचा परिणाम होतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, निदान हे अपूर्ण माहितीच्या आधारे, मर्यादित वेळेत घेतलेला आणि पुढे सुधारता येणारा निर्णय आहे. त्यात तर्कशास्त्र, संभाव्यताशास्त्र, मानसशास्त्र, भाषा आणि भूगोल यांचा संगम होतो. म्हणूनच हा विषय वैद्यकीय महाविद्यालयापुरता मर्यादित राहत नाही. बोलीतील शरीरविषयक शब्दांचा संग्रह भाषा विभाग करू शकतो, संभाव्यतेचे अध्यापन स्थानिक उदाहरणांतून संख्याशास्त्र विभाग करू शकतो, तर स्थलांतर व आरोग्य यांचा संबंध समाजशास्त्र विभाग तपासू शकतो.

याहून निकटचा एक मुद्दा प्राध्यापकांच्या दैनंदिन कामाशी निगडित आहे. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. २०४७ पर्यंत या विकाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. तपासणी वेळेवर झाली तर हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने कळांचे प्रमाण कमी करता येते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यात रोग उतरण्याची शक्यता २५ टक्के असते, ही माहितीही विवाहापूर्वी देता येते. खान्देशातील महाविद्यालयांत सातपुड्यातून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. पावसाळ्यात व थंडीत वारंवार गैरहजर राहणारा, खेळाच्या तासाला दमणारा, 'अंग दुखते' एवढेच कारण सांगणारा विद्यार्थी आळशी ठरविण्यापूर्वी 'याखेरीज आणखी काय असू शकेल?' हा प्रश्न वर्गातही विचारला जाणे आवश्यक आहे. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निदानाचा पहिला टप्पा शिक्षकाच्या हजेरीपटापासूनच सुरू होऊ शकतो.